शेवटचं अंडं कधी घातलं

कोंबडी आजारी आहे हे घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं, आणि कसं कळलं ते मी कुणाला सांगू शकत नव्हतो. गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी रोजच्यासारखा मागच्या अंगणात गेलो, इकडेतिकडे पाहिलं, खुराड्यात हात घातला, तर तुसात अंडं नव्हतं. कोंबडी कोपऱ्यात पिसं फुगवून, शेपूट खाली टाकून उभी होती. मी चिडलो. आधी चिडलो, काळजी नंतर वाटली, हे इथे लिहूनच टाकतो.

हे घर हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, राजेंद्र नगरात. घरात आई, मी आणि अकरा वर्षांची मुलगी. बायकोची त्या वर्षी भोपाळला बदली झालेली, ती महिन्यातून दोनदा यायची. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात केकसुद्धा पाकिटावरचा हिरवा ठिपका तपासून आत येतो. अशा घरात कोंबडी आली ती माझ्या नेभळटपणामुळे. हातगाडीवर गुलाबी रंगात बुडवलेली पिल्लं विकायला आली होती, मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मी नाही म्हणू शकलो नाही. ही पिल्लं आठ दिवसांत मरतात असं सगळे म्हणाले. हे मेलं नाही. गुलाबी रंग गेला, खालून तपकिरी कोंबडी निघाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी तिने अंडं घातलं.

आईने दोन दिवस विचार केला आणि मग निकाल दिला. अंडं घरात येणार नाही. पण फुकटही जाणार नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपड्यांना प्रेस करणारी एक बाई बसायची, ती नुकती बाळंत झालेली आणि अंगात रक्त नाही अशी पिवळी पडलेली. अंडी तिला द्यायची. आई अंड्याला हात लावणार नव्हती, म्हणून रोज खुराड्यातून काढून तिच्याकडे पोचवायचं काम आमच्या भांडीवाल्या बाईंकडे आलं. बाई आमच्याकडे नऊ वर्षं होत्या. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला यायच्या. मुलीला कडेवर घेऊन त्यांनी आमचं अर्धं घर झाडलेलं आहे.

आता माझं. मी कॉलेजात असताना मित्रांबरोबर गाडीवरची आम्लेटं खात असे. पुढे नोकरी, लग्न, आईबरोबर राहणं यांत ते सुटलं. सुटलं असं मला वाटत होतं. एका सकाळी मी मागच्या अंगणात दात घासत होतो, कोंबडी ओरडली, मी वाकून पाहिलं तर अंडं. हातात घेतलं तर गरम. मी ते खिशात घातलं, वरच्या खोलीत गेलो, चहासाठी ठेवलेल्या विजेच्या किटलीत उकडलं, मिठाशिवाय उभ्या उभ्या खाल्लं. पन्नाशी उलटलेला, शासकीय नोकरीतला माणूस. दार लावून.

मग आठवड्यातून एक, मग दोन, मग जवळजवळ रोज. बाजारात अंडं मिळत नव्हतं का? मिळत होतं. ऑफिसच्या समोरच मिळत होतं, भुर्जीपासून सगळं. पण तिथे कुणी ओळखीचं पाहील याची मला भीती होती, आणि खरं सांगायचं तर चोरून खाण्याची मला चटक लागली होती. टरफलांची अडचण होती. आमच्या शहरात ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, सकाळी गाडी आली की बादली आई स्वतः नेऊन देते आणि गाडीवरचा माणूस आत डोकावून पाहतो. टरफलं तिथे लपण्यासारखी नव्हती. मी ती कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून ऑफिसला नेत असे आणि तिथल्या टोपलीत टाकत असे. इतकी दक्षता मी नोकरीत कधी दाखवली नाही.

प्रेसवालीला अंडी कमी जायला लागली. ती बिचारी काही बोलली नाही, पण आईने एकदा सहज विचारलं तेव्हा कळलं की आठवड्यात एकच मिळालं. मी म्हणालो, उकाडा आहे, कोंबड्या अशा दिवसांत कमी घालतात. आईने मान डोलवली. मग गणपती यायच्या दोन दिवस आधी आई सकाळी जास्वंदीची फुलं काढायला मागे गेली आणि तिला खुराड्यात अंडं दिसलं. ती अंघोळ करून आलेली, लांबूनच पाहून परतली. तिच्यामागून दहा मिनिटांनी मी गेलो. दुपारी प्रेसवालीने आजही काही आलं नाही म्हणून सांगितलं.

संध्याकाळी बाई भांडी घासत होत्या आणि मी शेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, घेऊन चहाला बसलो होतो. आई ओट्याजवळ जाऊन उभी राहिली.

"सुबह अंडा था ना खुराड्यात?"

"नहीं था, माताजी. मैंने हाथ डाल के देखा."

"मी आपल्या डोळ्यांनी बघितलं. सफेद, तुसावर ठेवलेलं."

"माताजी, मेरे को नहीं मिला."

आई काही ओरडणारी बाई नाही. ती फक्त म्हणाली, "नऊ साल हो गए, मांगती तो क्या मैं ना बोलती?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठा माणूस, घरचा कर्ता, मी काहीतरी म्हणेन असं त्यांना वाटलं असणार. मी म्हणालोही. मी म्हणालो, "जाऊ दे ना आई. एका अंड्यासाठी काय इतकं."

हे वाक्य मी तेव्हापासून हजार वेळा मनात उलटंसुलटं करून पाहिलं आहे. मी आरोप केला नाही. मी माफ केलं. मी खाल्लेल्या अंड्याबद्दल मी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं, आणि तिथेच त्या चोर ठरल्या. आईच्या बोलण्याला त्या उत्तर देऊ शकत होत्या, माझ्या दिलदारपणाला काय देणार? त्यांनी उरलेली भांडी घासली, ओटा पुसला, पदराला हात कोरडे केले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. नंतरही नाहीत.

आता वाचणाऱ्याला वाटेल की मी खाणं तरी थांबवलं असेल. थांबवलं नाही. मी स्वतःची समजूत अशी काढली की बाई गेल्यावर लगेच अंडी दिसायला लागली तर चोरी त्यांचीच होती असं पक्कं होईल. त्यापेक्षा अंडी दिसूच नयेत, म्हणजे कोंबडीने घालणंच सोडलं असं ठरेल आणि हळूहळू त्यांच्यावरचा संशयही विरून जाईल. म्हणजे मी त्यांच्यासाठीच खात होतो. घरात गणपती बसलेले, खाली आरतीची तयारी, आणि मी वर किटली लावून बसलेलो. मोदक वळणाऱ्या आईला मी हाक मारून सांगितलं सुद्धा, की कोंबडीचं घालणं आता बंदच झालेलं दिसतंय.

माझ्या मुलीने हे वहीत लिहिलं. कोंबडी घालायला लागली तेव्हापासून तिने एक वही ठेवली होती, पट्टीने रेघा मारून चार रकाने केलेले: खाणं, पाणी, शी, अंडं. शाळेतून आली की आधी खुराडं, मग आजीला अंड्याचं विचारून वही. शेवटच्या रकान्यात ओळीने "नाही, नाही, नाही" असं लिहिलेलं मी पाहत होतो.

तर कोंबडी आजारी पडली. पहिल्या दिवशी दाण्यापाशी गेली आणि चोच न लावता परतली. दुसऱ्या दिवशी ती डोळे मिटून बसायला लागली. मुलगी म्हणाली, "बाबा, ती कुछ खातच नाहीये, बस पाणी पिते आणि मान अशी-अशी करते." तिने मान लांब करून, वेडीवाकडी वळवून दाखवली. आम्ही जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथले तरुण डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. त्यांनी कोंबडी फारशी हाताळलेली नव्हती हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पोट चाचपलं आणि विचारलं, आखरी अंडा कब दिया था. मुलीने वही उघडली. तेरा दिवस झाले, चौदावा चालू. मग अंडं आत अडकलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. कोमट पाण्यात बसवा, कॅल्शियम द्या.

मी तिथे उभा होतो. दोन दिवसांपूर्वीचं अंडं मी खाल्लेलं होतं. आत काही अडकलेलं नाही हे मला ठाऊक होतं, निदान इतकं तरी ठाऊक होतं की चौदा दिवस हा आकडा खोटा आहे. मी कॅल्शियमची बाटली विकत घेतली.

दोन दिवस माझी मुलगी शाळेतून येऊन दप्तर न काढता कोंबडीला टबात धरून बसत होती. पाणी गार झालं की मला हाक मारायची, मी गरम पाणी आणून द्यायचो. एकदा तिने विचारलं, "बाबा, तिला दुखत असेल का?" मी म्हणालो, "नाही गं." कोंबडीच्या चोचीतून आंबूस वास यायला लागला होता. तिचं डोकं मुलीच्या मनगटावर पडलेलं असायचं. सांगायचं म्हटलं असतं तर एवढ्या वेळात शंभरदा सांगून झालं असतं, आणि प्रत्येक वेळी मी पाणी पुरेसं गरम आहे की नाही ते बोट घालून पाहिलं.

चौथ्या दिवशी मुलगी शाळेत गेलीच नाही. मी ऑफिसात कळवलं आणि आम्ही गाडी काढून महूला गेलो. तिथे एक वयस्क डॉक्टर आहेत, पोल्ट्रीवाल्यांकडे जन्म गेलेला, असं कुणीतरी सांगितलं होतं. कोंबडी पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं मुलीच्या मांडीवर, वही खोक्यावर. 

डॉक्टरांनी कोंबडीला काखेत घेतलं तेव्हा ती पहिल्यांदा शांत झाली. त्यांनी चोच उघडून वास घेतला, पोट पाहिलं, मग गळ्याखाली छातीवर दाण्याची पिशवी असते ती दोन बोटांनी दाबली. मुलीचा हात धरून तिलाही दाबायला लावली. "भरी हुई है, देख. पत्थर जैसी. सुबह खाली होनी चाहिए." मग विचारलं, "अंडा कब से बंद है?"

मुलीने वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली. "बहुत बढ़िया लिखा है बेटा, हमारे यहाँ बड़े लोग भी इतना नहीं लिखते," असं म्हणाले आणि मग चष्मा काढला. माझ्याकडे वळून हळू आवाजात त्यांनी समजावलं. सोळा दिवस अंडं बंद आणि मग खाणं बंद, याचा अर्थ बिघाड अंडाशयात आहे, आतून सडत आलं असणार. पिशवी त्यामुळे थांबली आहे, ती मोकळी करून उपयोग नाही. इतक्या अशक्त कोंबडीला चिरफाडीचा त्रास देण्यात अर्थ नाही. "सुला देते हैं. तकलीफ़ नहीं होगी."

मुलीने ऐकलं. ती रडली नाही. तिने विचारलं, "मी तिला पकडून ठेवू शकते का, तेव्हा?"

डॉक्टर इंजेक्शन काढायला कपाटाकडे गेले. ते कपाटाचं दार आणि मुलीचा पाठमोरा अंबाडा, एवढंच मला त्या खोलीतलं आठवतं. मी म्हणालो, "डॉक्टर साहब, चार दिन पहले तक अंडा दे रही थी. रोज़."

"पर इसमें तो लिखा है..."

"उसको नहीं मालूम. अंडे मैं खा रहा था."

मराठीत सांगायला मला जमलं नसतं, हिंदीतून सुटलं. मुलगी वळली. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला समजायला किती वेळ लागला ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं: आधी अंडी, मग टब, मग बाई. बाईंपाशी पोचल्यावर तिने नजर खाली केली. माझ्या मुलीला माझी लाज वाटली, आणि ती लपवायची कशी हे तिला येत नव्हतं.

डॉक्टरांना मात्र माझ्या पापपुण्याशी काही कर्तव्य नव्हतं. ते कपाट बंद करून परत आले. "तो फिर बात उलटी है. चार दिन पहले तक अंडा दे रही थी तो अंदर सब ठीक है. बीमारी ये थैली ही है." त्यांनी पुन्हा वही ओढली आणि या वेळी पहिला रकाना वाचायला लागले. लिपी तीच, त्यामुळे मराठी त्यांना लावता येत होतं. "ये दूर्वा कितने दिन खिलाई?"

दूर्वा आईने खायला घातल्या होत्या. गणपतीला रोज एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या वाहायच्या, दुसऱ्या दिवशी त्या काढायच्या. निर्माल्य कचऱ्याच्या गाडीत टाकणं आईला पटत नाही, आणि अंगणात फरशी बसवल्यापासून पुरायला माती उरलेली नाही. जिवाच्या मुखी गेलं तर चांगलंच, म्हणून ती वाळत आलेल्या दूर्वा कोंबडीपुढे टाकत होती. ज्या प्राण्याला तिने वर्षभर उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं, त्याला ती देवाचं देत होती. मुलीने सगळं लिहिलेलं होतं, रोजच्या रोज: "आजीने दूर्वा दिल्या." आम्ही सगळे शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून बसलो होतो, तेव्हा आजार पहिल्या रकान्यात होता. आणि शेवटचा रकाना मी खोटा केलेला होता.

डॉक्टरांनी जागा बधिर करून दोन बोटांएवढा छेद घेतला आणि चिमट्याने ओढायला लागले. चिवट, काळपट पडलेला गवताचा गोळा बाहेर आला, त्यात जुड्या बांधायचा लाल दोरा गुरफटलेला. दोन जुड्या तशाच बांधलेल्या होत्या. आईला हल्ली बारीक दोरा दिसत नाही. मुलीने शेवटपर्यंत कोंबडीचे पाय धरून ठेवले. आठ दिवस पातळ खाणं द्या, वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. वाचली. आजही आहे.

परतीच्या वाटेवर मुलगी मागच्या सीटवर बसली. नेहमी पुढे बसते. घराचा रस्ता जवळ आला तसं ती म्हणाली, "आधी बाईंकडे."

बाई रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत राहतात. नऊ वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नव्हतो, मुलीला घर माहीत होतं. बाई दारात बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून उठल्या, "आओ भैयाजी" म्हणाल्या, आतून खुर्ची आणायला निघाल्या. मी उभ्यानेच सांगितलं. अंडी मी घेत होतो, गलती हो गई. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "माताजी को बता दिया?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, माताजींचं वय झालंय, सोवळ्यातल्या आहेत, त्यांना हे सहन होणार नाही. मी त्यांना समजावीन की त्यांनाच दिसण्यात चूक झाली. तुम्ही उद्यापासून या.

बाईंनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. "तो फिर मैं तो चोर ही रही ना, भैयाजी."

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. मुलगी दारात उभी होती, त्यामुळे पळवाट नव्हती. आई समईची काजळी पुसत होती. तिने एकच विचारलं, "गणपतीत पण?" मी हो म्हणालो. मला वाटलं ती बोलेल, रडेल, निदान किटली फेकून द्यायला सांगेल. तिने समई जागेवर ठेवली, आत जाऊन साडी बदलली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चल. घर माहीत आहे ना तुला?"

दिवे लागायच्या वेळेला आम्ही दुसऱ्यांदा त्या गल्लीत शिरलो. आईचे गुडघे दुखतात, नाल्यावरच्या फळीवरून तिला मी हाताला धरून नेलं. बाई चुलीपाशी होत्या, पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. आईने त्यांना बसू दिलं नाही, स्वतःही बसली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या आईने दोन्ही हात जोडले, आणि शेजारच्या बाया दारात येऊन पाहत होत्या तरी, तिच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मैंने तेरे को गलत बोला. तू चोर नहीं है. मेरे को माफ कर." माझं नाव तिने घेतलं नाही. बाईंनी पिठाच्या हातांनीच तिचे हात धरून खाली केले आणि दोघी रडायला लागल्या. "दूसरा घर पकड़ लिया माताजी," बाई म्हणाल्या, "नहीं तो आ जाती."

मी दोन पावलं मागे उभा होतो. अंडी मी खाल्ली होती आणि हात आईने जोडले होते. माझ्या हातात गाडीची किल्ली होती. ती खिशात टाकून आपणही हात जोडायला हवे होते, हे मला गाडी चालू केल्यावर सुचलं.